देव्हाऱ्याखालचा कागद

आजीच्या देव्हाऱ्याखाली कायम एक कागद असायचा. तेलाकुंकवाचे डाग फळीला लागू नयेत म्हणून. दिवाळीच्या साफसफाईत जुना निघायचा, नवा यायचा. बाकीच्या घरांत तिथे 'केसरी' नाहीतर 'सकाळ' असे. आमच्याकडचा कागद इंग्रजी होता, बारीक टायपाचा, चित्राचं नाव नाही. इंग्रजी अक्षरं जुळवायला लागलो तेव्हा मी समईच्या बुडाशी डोकं नेऊन वरचं नाव वाचलं : 'द रॅडिकल ह्युमनिस्ट'. म्हणजे आमचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबाचा टाक अशी सगळी मंडळी वर्षानुवर्षं मानवतावादावर बसलेली होती.

वर्गणीदार आजोबा. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. वाईतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. अंक वाचून झाला की तारखेनं फडताळात ठेवायचे आणि वर्ष उलटलं की गठ्ठा आजीच्या हवाली. आजी पहिला निवडून देव्हाऱ्याला घ्यायची, दुसरा लोणच्याच्या बरण्यांखाली, उरलेले रद्दीत. "कागद बरा असतो तुमच्या देवाचा," असं ती म्हणायची. अण्णा चष्म्यावरून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. एवढ्या वर्षांत या विषयावर त्यांच्यात याहून मोठी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

वाईत त्या काळी नास्तिक असणं फारसं अवघड नव्हतं. पुरुषाला तरी नाही. गाव घाटांचं, देवळांचं, पण त्याच गावात प्राज्ञ पाठशाळा होती आणि पाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. पिंपळनेरहून संस्कृत शिकायला आलेला हा मुलगा पुढे धर्मशास्त्राचा आधार घेऊन अस्पृश्यता मोडायला निघाला आणि १९३३ मध्ये गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचं जातीबाहेरचं लग्न त्यानं पुण्यात लावलं. असे शास्त्रीबुवा मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे गेले, तेव्हा वाईतले पाच-सात तरुणही गेले. त्यांतले एक अण्णा.

रॉय यांची गोष्ट अण्णा आम्हाला रात्री ओटीवर सांगायचे, शिवाजीच्या आग्र्याहून सुटकेच्या चालीत. नरेंद्रनाथ भट्टाचार्य नावाचा बंगाली पोरगा १९१५ मध्ये जर्मन बंदुका मिळवायला देशाबाहेर पडतो. बंदुका मिळत नाहीत. वेषांतरं करत, नावं बदलत जपान, अमेरिका करून तो मेक्सिकोत पोचतो आणि तिथे चक्क कम्युनिस्ट पक्ष काढतो. १९२० मध्ये मॉस्कोत लेनिनच्या मसुद्याच्या जोडीला स्वतःचा मसुदा मांडतो. १९२९ मध्ये त्याच कम्युनिस्ट इंटरनॅशनलमधून हाकलला जातो. परत येतो, १९३१ मध्ये मुंबईत पकडला जातो, पाच वर्षांवर तुरुंगात काढतो. गोष्ट इथवर आली की आम्हा पोरांना वाटायचं, आता लढाई होणार. अण्णा मात्र आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि मग त्यानं विचार करायला सुरुवात केली." तिथे आम्ही झोपायचो.

जागं राहिलं तर देहरादून ऐकायला मिळायचं. रॉय यांचं घर, तेरा, मोहिनी रोड. मे १९४६ चं अभ्यासशिबिर. लिचीची झाडं, सकाळची गार हवा, रॉय यांचा उंच बांधा, त्यांच्या पत्नी एलनबाईंची करडी शिस्त. रॉय यांचं इंग्रजी इतकं वळणदार की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. अण्णा हे असं सांगायचे की लिचीचा वास यायचा. लिची मी तोवर पाहिलेलीही नव्हती.

अण्णा गेल्यावर कितीतरी वर्षांनी आक्काआत्यानं मला सहज सांगितलं, "अरे, अण्णा कुठले जातायत देहरादूनला! गाडीभाडं नव्हतं. शाळेतले दुसरे एक मास्तर गेले होते. ते परत आले तेव्हा अण्णांनी त्यांना रोज संध्याकाळी घाटावर नेऊन सगळं वदवून घेतलं." मला आधी राग आला, मग हसू. जे शिबिर अण्णांनी पाहिलंच नव्हतं, तेच त्यांनी आमच्यापर्यंत सगळ्यात नीट पोचवलं.

जे खरोखर पाहिलं, ते मात्र सांगायचे नाहीत. १९४२. सातारा जिल्हा म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारचा मुलूख. कृष्णाकाठच्या गावोगावी नाना पाटलांचं नाव. आणि रॉय यांची भूमिका अशी की आधी हिटलरचा फॅसिझम पाडा, त्यासाठी ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला साथ द्या. जगाच्या हिशेबात ही भूमिका किती बरोबर, किती चूक, यावर अजून वाद घालता येईल. वाईच्या आळीत तो घालायला कोणी थांबणार नव्हतं. एका सकाळी आमच्या दारावर कोळशानं दोन शब्द लिहिलेले होते. ते कोणते, हे आजीनं मरेपर्यंत सांगितलं नाही. तिनं ते राखेनं घासून काढले, एवढंच आत्याला आठवतं. चार वर्षांची असेल ती तेव्हा. १९४६ च्या निवडणुकांत रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचा साफ धुव्वा उडाला. आणि १९४८ च्या डिसेंबरात कलकत्त्याला त्यांनी तो पक्षच विसर्जित केला. पक्ष म्हटला की सत्ता आली, सत्ता आली की माणूस तिचं साधन झाला. तेव्हा आता पक्ष नको, माणसं शहाणी करणारी चळवळ हवी. अण्णांना या निर्णयाचा विलक्षण अभिमान. माझं मत विचाराल तर हरलेल्या पक्षाला मोडायला फार धैर्य लागत नाही. पण पुढाऱ्याला ते सुचणं दुर्मीळच.

आता ॲमस्टरडॅम. अण्णांच्या उच्चारात 'आमस्टरडाम'. ऑगस्ट १९५२ मध्ये तिथे एक परिषद भरली. अध्यक्षस्थानी ज्युलियन हक्सले, जीवशास्त्रज्ञ, युनेस्कोचे पहिले महासंचालक. अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया इथल्या संघटना एकत्र आल्या आणि आंतरराष्ट्रीय मानवतावादी संघ उभा राहिला. संस्थापकांच्या यादीत आशियातून एक नाव होतं : रॉय यांची भारतातली चळवळ. खुद्द रॉय नव्हते. जूनमध्ये मसुरीला डोंगरवाटेवरून जाताना ते खाली कोसळले आणि त्यातून पुरते उठलेच नाहीत. ते नसताना त्यांना उपाध्यक्ष निवडलं गेलं. जानेवारी १९५४ मध्ये ते गेले. अण्णांच्या एका वहीत, घातांकांच्या गणितांमध्येच, पेन्सिलीनं 'आमस्टरडाम' लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. ती वही माझ्याकडे आहे.

त्या परिषदेला हवं काय होतं? सात वर्षांपूर्वी महायुद्ध संपलेलं. एका बाजूला देवानं सांगितलं म्हणून माना म्हणणारे धर्म, दुसऱ्या बाजूला पक्षानं सांगितलं म्हणून माना म्हणणाऱ्या सत्ता. या दोहोंना तिसरा पर्याय म्हणून जाहीरनामा निघाला. लोकशाही, विज्ञानाचा विधायक वापर, नीती, व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि त्याबरोबरच समाजाची जबाबदारी. पुढे २००२ मध्ये हा जाहीरनामा नव्यानं लिहिला गेला, २०२२ मध्ये ग्लासगोला पुन्हा. त्यात निसर्गाची जबाबदारी आली, वंशभेद नाकारणं अधिक ठसठशीत झालं. आपली वाक्यं दर काही वर्षांनी खोडायला ही मंडळी कचरत नाहीत, हे मला आवडतं. धर्मग्रंथाची दुसरी आवृत्ती निघत नाही.

संघाचे पहिले अध्यक्ष याप व्हॅन प्राग, डच तत्त्वज्ञ, ज्यू. जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये लपून राहून वाचलेला माणूस. ते म्हणत, आपल्यापुढे दोन लढे आहेत. धर्म न मानणाऱ्यांना बरोबरीचे हक्क मिळवून देणं, हा लहान लढा. मोठा लढा पोकळीशी आहे. देव गेला आणि जागी काहीच आलं नाही, तर त्या रिकाम्या जागेत कोणीही हुकूमशहा येऊन बसतो. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. हे मी फार उशिरा वाचलं. वाचलं तेव्हा अण्णांचं मर्तिक आठवलं.

पण आधी आक्काआत्याचं लग्न सांगायला हवं. १९६१. मुलगा जातीबाहेरचा. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे तीस दिवस आधी नोटीस आणि ती कचेरीच्या फलकावर. "तीस दिवस सगळं गाव मला वाचत होतं," आत्या म्हणते. याआधीचा १८७२ चा कायदा तर म्हणायचा, आम्ही कोणताच धर्म मानत नाही असं आधी लिहून द्या, मग लग्न करा. अण्णांना ते कलम मनापासून पसंत होतं, म्हणून नव्या कायद्यावर ते थोडे नाराजच होते. तीन साक्षीदार लागतात. पहिली सही अण्णांची. सह्या झाल्या, कारकुनानं शाई टिपली आणि सगळे बाहेर रस्त्यावर आले. आणि उभे राहिले. पुढे काय करायचं, कोणालाच कळेना. अक्षता नाहीत, घास नाही, रुसणारं कोणी नाही. शेवटी नवऱ्या मुलाच्या मित्रानं समोरच्या हॉटेलातून भजी आणली. आत्याच्या लग्नातलं एवढंच खाणं. ते सांगताना आत्या हसते, पण दर वेळी तिखट बेताचं होतं हेही सांगते.

अण्णा १९८४ मध्ये गेले. उशाशी लिफाफा. आत पाच ओळी, मुद्दे क्रमांक घालून : मंत्र नको, पिंड नको, दहावा-तेरावा नको, मुंडन नको, सुतक नको. आजीनं तो कागद वाचला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यांनी लिहिलंय तसंच करा." भटजी दारापर्यंत येऊन परत गेले. कृष्णाकाठी सरण रचलं गेलं. आम्ही चाळीस-पन्नास माणसं. काकांनी हात जोडले, सगळ्यांनी जोडले. मग शांतता. ती शांतता सुरुवातीला योग्य वाटली. मग लांबली. कोणीतरी खोकलं. कोणीतरी घड्याळ बघितलं. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पुढं?" मी एकोणीस वर्षांचा होतो. पुढचं माझ्याजवळ काय असणार? 'नको'ची पाच कलमं होती आणि त्यांच्याखाली कागद कोरा होता.

तेवढ्यात मागून एक धोतरवाले गृहस्थ पुढे आले. शेजारच्या खेड्यातले शेतकरी, अण्णांचे विद्यार्थी. पागोटं काढून काखेत धरलं आणि अण्णांकडे बघत, आपण जिवंत माणसाशी बोलतो तसं बोलले. मास्तर, तुम्ही मला अपूर्णांक शिकवले. बाप म्हणत होता पोराला शाळेतून काढतो, तुम्ही बांधावर येऊन बापाशी भांडलात. तीन भावांत वाटणी झाली तेव्हा मी हिशेब केला आणि कोर्ट झालं नाही. एवढंच. मग वाकून नमस्कार केला. काकांनी अग्नी दिला.

मी नंतर त्यांना विचारलं, तुम्हाला हे सुचलं कसं. ते म्हणाले, "आमच्याकडं आज्यापास्नं बामनाबिगर चालतंय. सत्यशोधकी घर." महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला १८७३ मध्ये, आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवायचं पहिलं लग्न लावलं, वधू-वरांनी एकमेकांना द्यायची वचनं ठरवून दिली. ॲमस्टरडॅमच्या एकोणऐंशी वर्षं आधी. फुले निर्मिक मानणारे. संघाच्या व्याख्येत ते कदाचित बसणार नाहीत, आणि अण्णाही त्यांना 'अर्ध्या वाटेवरचे' म्हणायचे. पण त्या दिवशी घाटावर पूर्ण वाट चाललेले आम्ही मुके होतो आणि अर्ध्या वाटेवरच्याला बोलता आलं.

आजीनं शब्द पाळला. पिंड ठेवला नाही. मात्र दहाव्या दिवशी तिनं परसातल्या भिंतीवर वरणभाताचा घास ठेवला आणि आत जाऊन बसली. कावळा लगेच आला. "अण्णांचं काही राहिलं नव्हतं वाटतं," काकू म्हणाली. आजी म्हणाली, "मी कावळ्याला घातला."

'नको'च्या खालची ही कोरी जागा युरोपातल्या मंडळींनी ओळखली. नॉर्वेत १९५६ मध्ये मानवतावाद्यांची संघटना निघाली. आज एवढ्याशा देशात तिचे लाखावर सभासद आहेत. त्यातल्या पुष्कळांना तत्त्वज्ञानापेक्षा समारंभानं खेचलं असणार : बारसं, पंधराव्या वर्षी मुलांनी 'मोठं होणं', लग्न, अंत्यविधी. हॉलंडमध्ये सैन्यात, तुरुंगात, दवाखान्यात पाद्र्यांच्या बरोबरीनं मानवतावादी सोबती नेमलेले असतात. मरणाऱ्याजवळ बसणं हे त्यांचं काम. आमच्याकडच्या रॉयवाद्यांनी बुद्धीची बाजू लखलखीत ठेवली. वैदिक संस्कृतीची चिकित्सा करणाऱ्या शास्त्रीबुवांच्या ग्रंथाला १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार, सासवडचे वि. म. तारकुंडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, पुढे नागरी हक्कांचे झुंजार वकील, १९७८ चा आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार. डॉ. इंदुमती पारीख मात्र मुंबईच्या झोपडपट्टीत बायकांच्या आरोग्यासाठी पाय रोवून बसल्या. बाकी बहुतेकांनी शिबिरं घेतली. जागतिक परिषद १९९९ मध्ये मुंबईला भरली होती. आमच्या घरातून कोणी गेलं नाही. गाडीभाडं तेव्हा होतं.

लहान लढा मात्र लहान राहिलेला नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, वाईहून तासाभराच्या अंतरावरचे. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम. त्यांचा भर देवाशी भांडण्यावर नव्हता. देवाच्या नावानं बाईला विवस्त्र करणाऱ्या, पोराला चटके देणाऱ्या माणसाशी भांडण्यावर होता. जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यासाठी अठरा वर्षं खेटे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेले असता पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये. कटाच्या आरोपातले तिघे सुटले.

ढाक्याला फेब्रुवारी २०१५ मध्ये पुस्तकांच्या जत्रेतून परतणाऱ्या लेखक अविजित रॉय यांना रस्त्यात तोडलं. त्या एका वर्षात बांगलादेशात असे आणखी लेखक मारले गेले. नायजेरियातल्या मानवतावादी संघटनेचे अध्यक्ष मुबारक बाला यांना फेसबुकवरच्या मजकुरापायी २०२० मध्ये उचललं, २०२२ मध्ये चोवीस वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती पाचांवर आली आणि २०२५ च्या जानेवारीत ते सुटले. २०१९ पासून 'ह्युमनिस्ट्स इंटरनॅशनल' असं सुटसुटीत नाव घेतलेल्या संघाचा बराच वेळ आता यातच जातो : वकील, आश्रय, पत्रं, आणि २०१२ पासून देशोदेशीच्या विचारस्वातंत्र्याचा अहवाल. पाश्चात्त्यांचं खूळ म्हणून या चळवळीला हिणवतात. मरणारी माणसं पुणे, ढाका इथली आहेत.

आमच्या वाट्याला आलेला लहान लढा अगदीच क्षुल्लक. मुलीच्या अकरावीच्या अर्जात 'धर्म' हा रकाना. तिनं 'नाही' लिहिलं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, संगणक घेत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये स्वच्छ सांगितलंय की धर्म नाही असं सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे. मी निकालाची प्रत घेऊन गेलो होतो. त्यांनी ती वाचली, परत दिली आणि म्हणाले, "साहेब, मला पटतंय. पण याला पटत नाही." आणि पडद्यावर बोट ठेवलं. शेवटी 'इतर' वर तडजोड झाली.

आक्काआत्या आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत तिनं मला बोलावून एक कागद दिला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. 'नको' हा शब्द एकदाच, पहिल्या ओळीत. पुढे सगळं काय करायचं ते : कोणती साडी, घाटावर कोणी कोणी बोलायचं, आणि ज्यांना मंत्र म्हणायचेत त्यांनी घरी जाऊन म्हणावेत, अडवू नये. नंतर सगळ्यांना भजी, तिखट व्यवस्थित. बोलणाऱ्यांत माझं नाव तिसरं आहे. पाच मिनिटं दिली आहेत.